पडदा सांगतो ते सगळं खरं नसतं



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नौदलाशी माझं नातं कुतूहलाचं. त्याची सुरुवात एआयएस या यंत्रणेपासून झाली. मोठी जहाजं आपलं नाव, जागा आणि वेग तिच्यावरून सतत सांगत असतात. पण जहाज खोटंही सांगू शकतं, यंत्रणा बंद करून गप्पही बसू शकतं. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे तर मासेमारीची बोट पळवून आले. अशा हजारो बोटींतली एक.

म्हणून नौदल अधिकाऱ्यांचं शिक्षण मला मोलाचं वाटतं. केरळात एझिमला इथल्या अकादमीत कॅडेट चार वर्षं बी.टेक. करतात. खडकवासल्याच्या एनडीएतूनही काहीजण नौदलात जातात. पुढे कोचीच्या प्रशिक्षण ताफ्यात प्रत्यक्ष समुद्र. तिथे आजही ‘तरंगिणी’ हे शिडाचं जहाज आहे. सेक्स्टंटने सूर्य-तारे पाहून आपली जागा काढायलाही अधिकारी शिकतात, कारण जीपीएस अडवता येतं, फसवता येतं. पडद्यावरचं दुसऱ्या मार्गाने पडताळायचं, ही सवय अंगी मुरवली जाते.

दुसरी सवय संयमाची. सोमाली चाच्यांनी पळवलेलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर अडवलं. चाच्यांनी ड्रोन पाडला, युद्धनौकेवर गोळ्या झाडल्या. पण आत १७ खलाशी ओलीस होते. नौदलाने मोजकाच मारा करून सुकाणू निकामी केलं, शरण येण्यासाठी दबाव ठेवला, विमानातून मार्कोस कमांडो उतरवले. सुमारे ४० तासांनी ३५ चाचे शरण आले. सतराही खलाशी सुखरूप. चाच्यांना मुंबईत पोलिसांच्या हवाली केलं. म्हणजे अधिकाऱ्याला तोफेइतकाच कायदाही कळावा लागतो.

आपण शाळेत होतो तेव्हा एनडीएचं दार मुलींना बंद होतं. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी तिथे दाखल झाली, मे २०२५ मध्ये १७ जणी बाहेर पडल्या. बाई, सर, सेक्स्टंटचं गणित हे तुम्ही फळ्यावर शिकवलेल्या त्रिकोणमितीचंच मोठं भावंड. नौदलासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. दहावीनंतर गणित सोडू पाहणाऱ्या मुलीला हे वेळेवर कळायला हवं. ते सांगायला दरवर्षी आपल्यापैकी कुणीतरी शाळेत यावं. यंदा मी येते.