मुलांचे लेखन व घरचे साहाय्य
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल दिवसांत आपल्यापुढे चार शब्द बोलावे, अशी समितीची आम्हांस आज्ञा झाली. धर्मग्रामाचा इतिहास सांगणारी वडीलधारी मंडळी येथे बसली आहेत. ते काम त्यांनाच शोभते. आम्ही घेतलेला विषय लहान, परंतु घरोघरचा आहे. मुलांचे शाळेतील लेखन सुधारावे म्हणून आईबापांनी घरी काय करावे?

"आमचेच शिक्षण झाले नाही, आम्ही काय शिकविणार?" असे महाडच्या पेठेतील मातेपासून पोलादपूरकडील वाडीवरच्या बापापर्यंत अनेकजण आम्हांस म्हणतात. हे म्हणणे खरे नव्हे, हे आम्ही एका निरक्षर मातेकडूनच शिकलो. त्या प्रसंगी चूक आमची होती, यास्तव तोच प्रसंग प्रथम सांगतो.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी नद्यांच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही डोंगर खाली आला. आपण हे सर्व भोगले आहे. अधिक सांगणे नलगे. पुढील वर्षी इयत्ता पाचवीतील एक मुलगा 'पावसाळा' या विषयावरील निबंध तपासून घ्यावयास आमच्याकडे आला. त्याने सहाच ओळी लिहिल्या होत्या. पानी घरात शिरलं. आईने दप्तर माळ्यावर टाकलं. आजीला पाठीवर घेऊन शेजारी वर गेले. मागाहून वह्या चुलीच्या उबेस वाळविल्या, पण अक्षरे पुसून गेली होती.

आमची दृष्टी गेली ती 'पानी' या शब्दावर. आम्ही त्या ओळींवर काट मारली व आकाशातील मेघ, नाचणारे मोर आणि आनंदित शेतकरी असा सुंदर मजकूर त्यास सांगून लिहून घेतला. मुलास गुण उत्तम मिळाले. आम्हांसही समाधान वाटले.

काही दिवसांनी त्याची आई भेटावयास आली. तिने मुलाकडून तो निबंध वाचवून घेतला होता. ती म्हणाली, "फादर, समदं चांगलं हाय. पण यात आमचं घर कुठं हाय?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या मुलाचे घर पावसाने बुडविले, त्याच्याच हातून आम्ही मोर नाचविले होते. शुद्धलेखन सुधारण्याच्या नादात आम्ही त्याचे सत्य पुसून टाकले. पुराने वहीतील अक्षरे नेली. उरलेली आम्ही नेली.

आम्ही मुलाची क्षमा मागितली आणि निबंध पुन्हा लिहावयास सांगितले. या वेळी आई त्याच्याशेजारी बसली. तिने केवळ प्रश्न विचारले. "आजी तेव्हा काय बोलली? दप्तर कुठल्या रंगाचं होतं? तुला भ्या वाटलं का?" सहा ओळींची दोन पाने झाली. आम्ही त्यांतील 'पानी' या शब्दाखाली रेघ ओढली व 'पाणी' असे शेजारी लिहिले. बाकी काही केले नाही.

या अनुभवावरून काही गोष्टी आपणांस सुचवितो.

पहिली, लिहिण्यापूर्वी मुलास बोलू द्यावे. काय पाहिले, काय ऐकले, हे विचारावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. यास साक्षरता लागत नाही. दिवसाकाठी पाव घटका लागते.

दुसरी, लिहून झाल्यावर त्याजकडून मोठ्याने वाचवून घ्यावे. जेथे दम तुटतो तेथे बहुधा पूर्णविराम राहिलेला असतो. जे ऐकणाऱ्यास कळत नाही, ते पुन्हा लिहावयाचे असते.

तिसरी, एका वेळी एकाच प्रकारची चूक सुधारावी. आज 'न' व 'ण', उद्या ऱ्हस्वदीर्घ. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे एकदा समजाविले की मूल विसरत नाही. सारे पान लाल करून दिले, तर ते लिहिणेच सोडते.

चौथी, घरच्या बोलीची थट्टा करू नये. 'पानी' म्हणणारे मूल अडाणी नव्हे. त्यास एवढेच सांगावे की आपल्या घरी असे म्हणतात आणि पुस्तकात असे लिहितात; दोन्ही शब्द त्याचे आहेत.

पाचवी गोष्ट पत्राची. आपल्यापैकी पुष्कळांचे घरधनी मुंबईस नोकरीला आहेत. दूरध्वनीवर बोलणे रोज होते, ते व्हावेच. तथापि महिन्यातून एकदा मुलाने वडिलांस कागदावर पत्र लिहावे. गुणांसाठी नव्हे, तर खऱ्या वाचकासाठी लिहिताना मूल आपोआप स्पष्ट लिहिते. वडिलांनीही चार ओळींचे उत्तर अवश्य धाडावे. फादर स्टीफन्स यांनी १५७९ साली गोव्याहून दूर इंग्लंडात असलेल्या आपल्या वडिलांस लिहिलेले पत्र आजही वाचावयास मिळते. पुढे त्यांनी येथील लोकांमध्ये राहून त्यांची भाषा आत्मसात केली, आणि १६१६ साली त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. आधी ऐकणे, मग लिहिणे, हाच त्यांचाही क्रम होता.

शेवटी एक विनंती. पाठ केलेले निबंध मुलांच्या हाती देऊ नका, आणि त्यांचे निबंध स्वतः लिहूनही देऊ नका. उसने वाक्य लिहिणारे मूल हळूहळू असे समजू लागते की, आपले घर, आपली आजी, आपले दुःख लिहिण्याच्या योग्यतेचे नाही. त्यापुढे दोनचार गुणांची काय किंमत?

आज घरी गेल्यावर मुलास जवळ बसवा व विचारा, "आज काय पाहिलेस?" मग स्वस्थ ऐका. प्रभू आपल्या घरांस व आपल्या लेकरांस आशीर्वाद देवो.