जुना रकाना आणि नवा आकडा



शाळेच्या हजेरीपटात अनुक्रमांकाचा रकाना दोनच आकड्यांचा आखलेला असावा आणि वर्गात शंभरावे मूल दाखल व्हावे, म्हणजे गुरुजींपुढे जो पेच पडेल, तसाच पेच काही वर्षांपूर्वी इंटरनेटपुढे पडला होता. तो कसा सुटला, हे आज सांगावयाचे आहे.

इंटरनेट हे एकच एक जाळे नव्हे. सेवा पुरविणाऱ्या कंपन्या, विद्यापीठे, बँका अशा हजारो स्वतंत्र जाळ्यांचा तो संघ होय. ज्या जाळ्याचे मार्गविषयक धोरण स्वतंत्र असते, त्यास स्वायत्त यंत्रणा म्हणतात व तीस एक क्रमांक मिळतो. तिच्या सीमेवरील राऊटर नावाचे यंत्र शेजाऱ्यास कळविते की, अमुक पत्ता माझ्यामार्गे सापडेल आणि वाटेत अमुक क्रमांकांची जाळी लागतील. ज्या यादीत स्वतःचाच क्रमांक आढळेल, ती वाट राऊटर त्याज्य मानतो. म्हणूनच संदेश एकाच ठिकाणी घिरट्या घालीत राहत नाहीत.

ही पद्धत १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झाली. बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल हे तिचे नाव. तीत क्रमांकासाठी १६ बिटांचा रकाना होता, म्हणजे ० पासून ६५,५३५ पर्यंतचेच आकडे त्यात मावत. पुढे जाळी वाढत गेली, तसा हा साठा अपुरा पडणार हे जाणत्यांना दिसू लागले. तेव्हा मे २००७ मध्ये आरएफसी ४८९३ या मसुद्याने रकाना ३२ बिटांचा केला आणि आकड्यांची संख्या ४२९ कोटींच्या वर गेली.

परंतु जगातील सगळे राऊटर एका रात्रीत कोण बदलणार? येथेच योजकांचे शहाणपण दिसते. संभाषणाच्या आरंभीच नवा राऊटर आपणांस मोठे आकडे कळतात असे सांगतो. शेजारी जुना निघाला, तर यादीतील प्रत्येक मोठ्या आकड्याच्या जागी २३४५६ हा राखून ठेवलेला बदली क्रमांक घातला जातो. खरी यादी जणू बंद पाकिटातून सोबत जाते. जुना राऊटर ते पाकीट न उघडता पुढे देतो आणि पलीकडचा नवा राऊटर ते उघडून मूळ आकडे जागच्या जागी बसवितो. बदलाचा भार नव्याने उचलला, जुन्याची वाट मोडली नाही.

तथापि पहिल्या काळात उशिरा आलेल्यांना त्रास झालाच. जुना राऊटर बाळगणाऱ्या शेजाऱ्यास अशा जाळ्याची नोंद २३४५६ याच क्रमांकाने करावी लागे. असे दोन शेजारी असले, की दोघांचे नाव एकच! म्हणून कित्येकांनी मिळालेले मोठे क्रमांक परत करून लहान मागून घेतले. आज ती स्थिती राहिलेली नाही. भारतात हे क्रमांक देणारी आयआरआयएनएन ही संस्था २०१२ पासून काम करीत आहे. बेळगावात वा इंदुरात एखाद्याने नवे जाळे उभारून क्रमांक मागितला, तर त्याच्या हाती बहुधा सहा अंकी आकडाच पडेल.

अशा उभारणाऱ्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, लेखनाची. मोठा आकडा दोन रीतींनी लिहितात. ६५५४६ हाच आकडा टिंब घालून १.१० असाही लिहिला जातो. टिंबापूर्वीच्या अंकास ६५,५३६ ने गुणून नंतरचा अंक मिळवावयाचा. परंतु वाटा निवडण्याच्या नियमांत टिंबाचा अर्थ 'कोणतेही एक अक्षर' असा होतो आणि भलतीच वाट आत शिरू शकते. यास्तव सरळ आकडाच लिहावा; २००८ च्या आरएफसी ५३९६ ची शिफारसही तीच आहे. दुसरी गोष्ट, २३४५६ हा आकडा स्वतःचा म्हणून कधीही वापरू नये. तो कोणाचाच नाही. यादीत तो दिसल्यास कोठेतरी जुना राऊटर आहे असे समजावे. तिसरी, वाटांवर लावावयाच्या खुणांची. जुन्या खुणेचे १६ बिटांचे दोन भाग असत. त्यांत मोठा क्रमांक मावत नाही. त्यासाठी २०१७ साली ३२ बिटांच्या तीन भागांची मोठी खूण ठरविण्यात आली. शेजाऱ्याचा राऊटर ती जाणतो की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

यांतील एखादी गोष्ट राहून गेली, तर नुकसान केवळ यंत्राचे होत नाही. त्या जाळ्यावर विसंबलेले रुग्णालय, परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी, परदेशी असलेल्या मुलाशी बोलू पाहणारी आई, या सर्वांची वाट खुंटते. रकाना रुंद करणाऱ्यांनी मागाहून येणाऱ्यासाठी जागा केली. त्या जागी आपला आकडा नीट लिहिणे एवढे काम आता येणाऱ्याकडे राहिले आहे.