पाच एकर आणि सहा माणसे

चाकूरच्या शिवारात पाच एकर काळी जमीन कसणारा एखादा शेतकरी कल्पावा. घरात राबती माणसे सहा. बैलजोडी मात्र शेजाऱ्याची, मागून आणलेली. याच्या दारिद्र्याचे कारण विचारल्यास बहुतेक लोक सांगतील, जमीन थोडी. अर्थशास्त्रज्ञ नेमका तेथेच थबकतो. थोडी म्हणजे कशाच्या मानाने थोडी?

मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग यांनी याचे एक उत्तर दिले होते. खर्च वजा जाता कुटुंबाचा निर्वाह बऱ्यापैकी सुखाने चालेल, एवढी जमीन किफायतशीर समजावी. हे माप पोटाचे, म्हणून ते सहज पटते. डॉ. आंबेडकरांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हेच माप नाकारले. शेती हा उत्पादनाचा धंदा असून, घरात खाणारी तोंडे किती यावरून त्याची परीक्षा करणे गैर, असा त्यांचा युक्तिवाद होता. जमीन, श्रम व भांडवल यांचे प्रमाण जुळले तर लहान शेतही किफायतशीर होते. ते विजोड असले तर मोठे शेतही तोट्यात जाते. अवजारे व बैल अपुरे असता शेत वाढविणे म्हणजे दुखणे वाढविणेच होय. खरा रोग शेतीवर पडलेला माणसांचा फाजील भार हा होय, आणि त्यावर उपाय उद्योगधंद्यांची वाढ, असे त्यांचे निदान होते.

पुढे १९३२ साली लंडनचे प्राध्यापक रॉबिन्स यांनी अर्थशास्त्राची व्याख्याच निवडीवर उभारली: गरजा अनेक, साधने अपुरी, आणि त्या साधनांचे उपयोग नाना प्रकारचे. व्याख्या सुबक आहे खरी. परंतु चाकूरच्या त्या घरातील रिकाम्या हातांना शेताबाहेर दुसरा उपयोगच नसेल, तर निवड कशाची करावयाची? न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात हाच धोका दाखविला होता. श्रम व भांडवल मोकळेपणाने हवे तिकडे वळतात, हे इंग्रज पंडितांचे गृहीत या देशाला लागू पडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

१९४७ साली मुंबई प्रांतात जमिनीच्या तुकडेबंदीचा कायदा झाला. चाकूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. शेत किती लहान होऊ द्यावयाचे नाही, हे त्या कायद्याने ठरविले. त्या शेतात ज्यांना काम उरत नाही त्या भावांनी कोठे जावे, याविषयी त्यात काही नव्हते.