साखळी केवढी, तेही सांगा





कोळंबीच्या टरफलावरची परिषद समुद्रापासून इतक्या आत, प्रवराकाठच्या कोल्हारात कशाला, असं काहींनी विचारलं. टरफल रत्नागिरीचं, हे खरं. पण त्यापासून होणाऱ्या मालाचं गिऱ्हाईक इथलं, डाळिंब-पेरूच्या बागांतलं. शिवाय त्या मालासाठी लागणारे जिवाणू टाकीत वाढवायला मळी चालते आणि शेजारच्या प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या सहकारी कारखान्यात 1950-51 पासून गाळप होतंय.

टरफलातला चुना आणि प्रथिनं काढली की कायटिन उरतं. ते तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवलं की कायटोसॅन होतं. ही लांबलचक साखळी नुसत्या पाण्यात विरघळत नाही. आम्ल घालावं लागतं आणि द्रावण चिकट होतं. तिचे तुकडे केले की ते साध्या पाण्यात विरघळतात. पण आम्लाने तोडायला जावं तर तुकड्यांवर ताबा राहत नाही, पार सुट्या ग्लुकोसामाईनपर्यंत चुरा होतो. जिवाणूंचं विकर मात्र बेण्यासाठी उसाची टिपरी करावीत तसं तोडतं. 1973 साली अमेरिकी संशोधकांनी त्याला कायटोसनेज म्हटलं. द्रावण उकळलं की विकर निकामी होतं, म्हणजे तोड कुठं थांबवायची ते आपल्या हाती. बॅसिलस आणि स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंत ते सापडतं आणि या दोन्ही वंशांतले जिवाणू आमच्या बांधावरच्या मातीतही नांदतात. विद्यार्थ्यांनो, जाताना मूठभर माती न्या. तिला पैसे पडणार नाहीत!

आता यजमान म्हणून थोडी तक्रार. एक-दोन कड्यांच्या तुकड्याला झाड फारशी दाद देत नाही. सहा-सात-आठ कड्यांचा तुकडा भेटला की बुरशी आली असं समजून ते स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतं. म्हणजे सगळा खेळ लांबीचा. आणि आमच्या हाती येणाऱ्या या तुकड्यांच्या कित्येक बाटल्यांवर नुसते टक्के असतात, लांबीचा पत्ता नसतो. एकाच्या बागेत गुण येतो, शेजाऱ्याच्या येत नाही आणि दोघंही नशिबाला बोल लावतात. माझ्या मते ही फसगत टाळण्याजोगी आहे.

म्हणून विनंती एवढीच: या दोन दिवसांत तुकड्यांची लांबी स्वस्तात मोजायची पद्धत आणि ती लेबलावर छापण्याचा आग्रह, या दोन्हींवर ठराव करा. चाचणीसाठी बागा आम्ही देतो.