मांजराच्या पोटात विष गेले तर

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काहीजण हसतील. "गाई-म्हशींच्या आजारांबद्दल सांगायचे सोडून हे प्राध्यापक मांजराचे काय घेऊन बसले?" असेही कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण ज्याच्या घरात धानाची ढोली भरलेली आहे आणि रात्री आढ्यावरून उंदरांची धावपळ ऐकू येते, त्याला मांजराची किंमत मी सांगायला नको. ते पगार मागत नाही, रजा मागत नाही. उरलासुरला भात आणि वाटीभर दूध एवढ्यावर रात्रभर पहारा करते.

आपल्या विदर्भात तर या पहाऱ्याची दखल एका डॉक्टरानेही घेतली होती. प्लेगाच्या साथी चालू होत्या त्या काळात अमरावतीस अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. ज्या वस्तीत मांजरे जास्त, तिथे प्लेग कमी, असे त्यांना आढळले. १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी या विषयावर लेख लिहिला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा मांजर म्हणजे प्लेगावरचा रामबाण उपाय असे कोणी समजू नये. पण मांजर असले की उंदीर घरापासून दूर राहतात, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे.

आता गंमत पाहा. उंदरांसाठी आपण मांजर पाळतो आणि त्याच उंदरांसाठी घरात विषही आणतो. मग त्या विषाने उंदराआधी पहारेकरीच दगावतो.

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातले चिखला हे गाव घ्या. मँगनीजच्या खाणीचे गाव म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. आसपासचा मुलूख धानाच्या बांध्यांचा. समजा, अशा गावातल्या एका घरी आपण गेलो आणि नुसती नजर फिरवली, तर काय काय दिसेल? ढोलीखाली उंदीर मारण्याची पुडी. पडवीत फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली. गोठ्याच्या खुंटीला जनावरांच्या गोचिडांचे औषध. कोनाड्यात तापाच्या गोळ्या. न्हाणीघरात फिनाईल. यातली एकही वस्तू मांजरासाठी आणलेली नाही. पण मांजराचा प्राण घेऊ शकेल अशी मात्र प्रत्येक आहे.

मांजर चतुर असते, ते विषाला तोंड लावत नाही, असा आपल्याकडे समज आहे. तो अर्धाच खरा. मांजर खाण्यात चोखंदळ असते हे कबूल; पण त्याला दिवसभर अंग चाटण्याची सवय असते. पायाला फिनाईल लागले, अंगावर फवाऱ्याचे थेंब उडाले, की ते चाटून चाटून पोटात जाते. दुसरे असे की, मांजराचे वजन तीन-चार किलो. आपल्याला जे चिमूटभर, ते त्याला पुष्कळ. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माणसाचे किंवा कुत्र्याचे यकृत काही औषधे ज्या रीतीने निकामी करून बाहेर टाकते, ती शक्ती मांजराच्या यकृतात फार कमी असते. म्हणून माणसाचा ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला ठार करू शकते. मांजराला कणकण वाटते म्हणून अर्धी गोळी दुधात देणारी प्रेमळ माणसे असतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की हे कधीही करू नका.

तर मग मांजराने काही भलतेसलते खाल्ले, किंवा खाल्ल्याचा नुसता संशय आला, तर काय करायचे? क्रमाने सांगतो.

पहिले काम म्हणजे मांजराला त्या वस्तूपासून दूर न्यायचे आणि एका खोलीत बंद करायचे. कारण दुखणाईत मांजर अडगळीत जाऊन लपते, आणि मग शोधण्यात तासन् तास जातात. अंगाला विष लागले असेल तर हातात रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून, कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने ते धुवावे. मग कोरडे करून कापडात गुंडाळावे, म्हणजे ते अंग चाटणार नाही.

दुसरे काम म्हणजे पुडी शोधायची. पाकीट, बाटली, गोळ्यांची पट्टी, जे काही असेल ते उचलून पिशवीत घालायचे. त्यावरचे व्यापारी नाव महत्त्वाचे नाही. आतल्या औषधाचे नाव बारीक अक्षरात असते, ते डॉक्टरांना हवे असते. उलटी झाली असेल तर तीही थोडी पिशवीत बांधून घ्यावी. एखादे झाडपाल्याचे पान चावलेले दिसले, कण्हेर किंवा धोतरा, तर त्याची डहाळी बरोबर घ्यावी.

तिसरे काम म्हणजे लगेच पशुवैद्याला कळवायचे. गावात जनावरांचा दवाखाना असेल तर उत्तमच. नसेल तर तालुक्याच्या दवाखान्यात फोन करावा. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा बिनपैशाचा क्रमांक आहे, त्यावर विचारावे. नागपूरच्या बाजूला जाण्याची सोय असेल, तर तिथे १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फोनवर पाच गोष्टी सांगाव्यात: काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले, मांजराचे वय-वजन काय, आणि आता त्याला काय होते आहे. "मांजर बरे नाही" एवढेच सांगितले तर डॉक्टर तरी काय करणार!

लक्षणे दिसेपर्यंत थांबू नका, हे मी मुद्दाम सांगतो. का, ते पुढे येईलच.

आता काय करू नये ते ऐका. कारण पुष्कळदा विषापेक्षा आपले उपायच लवकर मारतात. मिठाचे पाणी पाजू नका. मिठाने मांजराच्या रक्तातला क्षार एवढा वाढतो, की त्यानेच झटके येऊन ते मरू शकते. घशात बोटे घालून ओकारी काढू नका. बाटली फिनाईलची, ॲसिडची किंवा रॉकेलची असेल, तर खाली जाताना जे पोळले ते वर येताना पुन्हा पोळते, आणि थेंब फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. दूध, तूप, गोडेतेल, चिंचेचे पाणी, कच्चे अंडे, हे सगळे उतारे म्हणून आपल्या आजीच्या काळापासून चालत आले आहेत. हेतू चांगला; पण दूध-तुपाने विष उतरत नाही, उलट काही विषे स्निग्ध पदार्थाबरोबर अंगात लवकर भिनतात. आणि ग्लानीत असलेल्या मांजराच्या तोंडात काहीही ओतले, तरी ते श्वासनळीत जाण्याचे भय असते. डॉक्टर कोळशाची भुकटी देतात हे खरे. पण तो औषधी कोळसा वेगळा. चुलीतला कोळसा कुटून त्याचे काम होत नाही.

आता दोन-तीन नेहमीच्या विषांची ओळख करून देतो.

पहिले झिंक फॉस्फाईड. ही करड्या-काळ्या रंगाची पूड असते. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली, की तिच्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. पोटात अन्न असले की आम्ल सुटते आणि वायू वाढतो. म्हणूनच "बिचारे उपाशी आहे" म्हणून त्याला भात खाऊ घालायचा नाही. उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. तो वास हुंगू नका. खिडक्या-दारे उघडा, पोराबाळांना बाहेर काढा; तो वायू माणसालाही घातक आहे. या विषाला नेमका उतारा नाही. डॉक्टर वेळेवर मिळाले तर पोट साफ करणे, सलाईन लावणे एवढे करता येते, आणि त्याने काही जीव वाचतात.

दुसरे ब्रोमाडायोलोन, म्हणजे रंगीत वड्यांच्या रूपात मिळणारे विष. याची तऱ्हा फसवी. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस मांजर हसते-खेळते दिसते, आणि घरचे म्हणतात, "काही झाले नाही, वाचले!" पण आत रक्त गोठवणारी शक्ती संपत आलेली असते. मग एकाएकी हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते, धाप लागते. लक्षणांची वाट पाहू नका असे मघाशी म्हटले ते यासाठी. या विषाला मात्र चांगला उतारा आहे: के-१ हे जीवनसत्त्व. डॉक्टर ते कित्येक आठवडे चालू ठेवतात. मांजर चार दिवसांत टुणटुणीत झाले म्हणून औषध मध्येच बंद केले, तर रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. हे विष उंदराच्या यकृतात साठते, आणि मरायला टेकलेला सुस्त उंदीर मांजराला आयता सापडतो. वडीला तोंड न लावताही विष पोटात जाते ते असे.

तिसरी जात फवारणीच्या औषधांची. तोंडाला सारखी लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाला कापरे, ही त्यांतल्या बऱ्याच औषधांची खूण. याला डॉक्टरांकडे ॲट्रोपिनचे इंजेक्शन असते. ते त्यांनीच द्यायचे. कुत्र्याच्या किंवा गुरांच्या गोचिडांचे औषध मांजराला लावल्यानेही असेच कापरे भरते. विशेषतः पर्मेथ्रिन असलेले औषध मांजराच्या जवळपासही नको.

आणि पॅरासिटामॉल पोटात गेले, तर हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास जोराने चालतो. यालाही उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत मिळाला तर.

विष नसलेली एक वस्तूही सांगून ठेवतो: दोरा. शिवणाचा दोरा, पतंगाचा मांजा. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचे टोक लोंबताना दिसले, तर ते ओढू नका. आत तो आतड्यांत अडकलेला असतो. ओढला तर आतडे कापले जाते. तसेच डॉक्टरांकडे न्या.

न्यायचे कसे? झाकणाच्या टोपलीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात, खाली मऊ कापड घालून. वेदनेने कासावीस झालेले मांजर मालकालाही चावते. लाळ गळते ती पिसाळल्यामुळेही असू शकते, हे विसरू नका. चावले-ओरबाडले तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. त्यात हयगय नको.

रात्रीची वेळ आहे, दवाखाना लांब आहे, असे होईल हे मला ठाऊक आहे. तेव्हा फोनवर डॉक्टर सांगतील तेवढेच करावे. मांजराला उबदार, अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. झटके येत असतील तर त्याला दाबून धरू नये. आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने निघावे.

पण मंडळी, खरा उपाय याच्या आधीचा आहे. धान शक्यतो पत्र्याच्या कोठीत ठेवा. पिंजरा लावून उंदीर धरता येत असेल तर विष आणूच नका. आणायचेच झाले, तर मांजराचा पंजा शिरणार नाही अशा बंद खोक्यात ते ठेवा आणि शेजाऱ्याला सांगून ठेवा. कारण मांजराला कुंपण नसते, तुमचे विष शेजारच्या मनीला लागते. सकाळी मेलेले उंदीर चिमट्याने उचलून खोल पुरा, उकिरड्यावर टाकू नका. फवारणीचे औषध पाण्याच्या किंवा तेलाच्या बाटलीत कधीच काढू नका.

गुरुजींना आणि शिक्षिका भगिनींना एक विनंती. एका तासाला हा विषय वर्गात घ्या. प्रत्येक मुलाला घरी जाऊन, कशालाही हात न लावता, फक्त पाहून यायला सांगा: विषारी वस्तू कुठे ठेवली आहे आणि ती जमिनीपासून किती उंच आहे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी करा. जवळच्या जनावरांच्या दवाखान्याचा क्रमांक मुलांच्या वहीत लिहून द्या. वस्तू जागेवरून हलवण्याचे काम मोठ्यांचे, तेवढा निरोप मुलांबरोबर घरी पाठवा.

कारण जिथे मांजराचा पंजा पोचतो, तिथे रांगणाऱ्या पोराचा हातही पोचतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने कित्येक शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. विष कोणासाठी आणले, हे विषाला कळत नाही. ते आपल्यालाच कळायला हवे. आज दिवेलागणीला मांजर पायात घोटाळू लागले, की एकदा ढोलीखाली वाकून पाहा. तिथे पुडी असेल, तर ती आजच उचला.