मनीच्या पोटातलं पाणी

आम्ही पशुसखी एरवी शेळ्या-कोंबड्यांचं बोलतो, आज मांजराचं बोलू. धान्याची राखण मनीच करते, पण तिच्या औषधाला पैसा काढायचा म्हटलं की घरात सगळे गप्प!

वर्ष-दीड वर्षाचं मांजर. ताप हटत नाही, खाणं सुटलंय, पाठीचा कणा हाताला लागतो आणि पोट मात्र फुगलेलं. घरचे म्हणतात, गाभण असेल. बोक्याचं पोट फुगलं की मग काय म्हणायचं? अशा वेळी डॉक्टरांना एफआयपी या आजाराचा संशय येतो. मांजरांच्या आतड्यात एक कोरोना विषाणू असतो. बहुतेकांना तो फारसा त्रास देत नाही. थोड्या मांजरांत तो रूप पालटतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर मांजर सहसा वाचत नाही. नाव ऐकून घाबरू नका, हा विषाणू माणसाला होत नाही.

अडचण आहे ती निदानाची. रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली म्हणजे एफआयपी झाला, असं नाही. धडधाकट मांजरांतही ती सापडतात. तेवढ्या एका कागदावर मनीला पोत्यात घालून लांब सोडून येऊ नका.

पोटातलं पाणी जास्त सांगतं. डॉक्टर ते सुईने काढतात. एफआयपीत ते बहुधा पिवळसर आणि चिकट, तार धरणारं असतं. मग रिव्हाल्टा चाचणी करता येते. काचेच्या नळीत आठ मिली शुद्ध पाणी, त्यात ॲसिटिक आम्लाचा एक थेंब. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल. वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडायचा. तो विरघळून गेला, तर एफआयपी नसण्याचीच शक्यता जास्त. थेंब तसाच राहिला किंवा हळूहळू तळाशी गेला, तर संशय वाढतो. पक्कं मात्र होत नाही, कारण पोटात पू झाला तरी असंच दिसतं.

म्हणून उरलेलं पाणी फेकू देऊ नका. त्यातली प्रथिनं मोजतात. अल्ब्युमिनला ग्लोब्युलिनने भागून आकडा ०.४ च्या खाली आला तर संशय बळावतो, ०.८ च्या वर गेला तर एफआयपीची शक्यता कमी. त्याच पाण्यात पीसीआरने विषाणूही शोधता येतो.

एवढा खटाटोप कशाला, असं विचाराल. जीएस-४४१५२४ नावाच्या औषधाने एफआयपीची मांजरं बरी होतात, हे २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं. उपचार साधारण बारा आठवडे चालतो आणि महाग पडतो. तेव्हा खर्चात पडण्याआधी डॉक्टरांना विचारा, पाण्याची तपासणी झाली का?