जेवल्यावर साखर जाते कुठे?

बचत गटाच्या बैठकीत आम्ही एक वाक्य फार ऐकतो. "मी बारीक, दिवसभर रानात राबते, मला कशाची शुगर?" आज त्याबद्दलच बोलूया.

आपल्या कर्जत, मिरजगाव, राशीन भागात ताटात ज्वारीची भाकरी असतेच. भाकरी गोड नसते, पण पोटात गेल्यावर तिच्या पिठाची साखरच होते आणि आतड्यातून रक्तात उतरते. एरवी आपल्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चहाचा चमचाभर साखर असते. जेवल्यावर ती वाढली, की पोटामागचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन म्हणजे दाराची किल्ली. दार उघडलं की बरीचशी साखर स्नायूंत शिरते. काही यकृतात साठते, जशी ज्वारी कणगीत. रात्री पोट रिकामं असताना यकृत त्यातलीच थोडी थोडी परत रक्तात सोडतं. सगळं नीट चाललं तर जेवणानंतर दोन तासांनी साखर १४० च्या आत येते. दार उघडलं नाही किंवा किल्ली कमी पडली, तर ती रक्तातच अडकते.

मग बारीक बाईचं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. जेवणातली साखर घ्यायला स्नायूच हवेत. म्हणून वरून बारीक दिसणाऱ्या अंगातही साखर अडू शकते.

गरोदरपणात तर वारेतल्या हार्मोनमुळे इन्सुलिनचं काम आणखी अवघड होतं. आईला काही जाणवत नाही, पण जादा साखर बाळाकडे जाते. बाळ फार मोठं होऊन बाळंतपण अडू शकतं. याची तपासणी सोपी आहे. उपाशी राहावं लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पितात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा जास्त आला तर डॉक्टर आधी आहार सांगतात, गरज पडली तर औषध. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते.

घरात काय करायचं? सगळ्यांचं उरकल्यावर नुसती भाकरी न् ठेचा खाऊन आडवं होऊ नका. मटकीची उसळ, पालेभाजी, डाळ आपल्याही ताटात ठेवा. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. चालणारे स्नायू साखर ओढून घेतात.

आणि गटात कुणाची सून, लेक गरोदर असेल तर तिला विचारा, "ग्लुकोजचं पाणी पिऊन तपासणी झाली का?" नसेल तर आशाताईंना सांगून या आठवड्यातच दिवस ठरवा.